मराठी ख्रिस्ती भक्तिकाव्य

ओवी, अभंग व कीर्तन या रूढ मराठी रूपांतून ख्रिस्ती श्रद्धा मांडणारी काव्यपरंपरा म्हणजे मराठी ख्रिस्ती भक्तिकाव्य होय. धर्मांतरानंतर पूर्वसंस्कृतीचा त्याग करावा की तिलाच श्रद्धेचे वाहन करावे, हा या परंपरेपुढील मूळ प्रश्न आहे.

प्रारंभ

इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलमधील कथा ओवीबद्ध करून 'ख्रिस्तपुराण' रचले. ते गोव्यातील राचोल येथे १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. स्वर्गासाठी त्यांनी 'वैकुंठ' हा शब्द योजला. १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी घातली, तरी हा ग्रंथ हस्तलिखितांतून टिकून राहिला.

ना. वा. टिळक

कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे पत्नी लक्ष्मीबाई यांच्याशी काही वर्षे ताटातूट झाली. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी भजन-कीर्तनाला ख्रिस्ती उपासनेत स्थान दिले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही प्रवेश होता. त्यांचे अपूर्ण राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.