दैवी दया : परमेश्वरावर भरवसा आणि शेजाऱ्यावर दया

पुनरुत्थान सणानंतर येणारा रविवार अखिल ख्रिस्तसभेत ‘दैवी दयेचा रविवार’ म्हणून साजरा होतो. दोन किरणांच्या येशूचे चित्र आज अनेक ख्रिस्ती घरांत वेदीजवळ दिसते आणि दयेची जपमाळ अनेक कुटुंबांच्या ओठांवर असते. या भक्तीचे दोन पाय आहेत : परमेश्वरावर संपूर्ण भरवसा आणि शेजाऱ्याप्रती दया. त्यांपैकी एक जरी लंगडा पडला, तरी भक्ती पुढे चालत नाही.

संत फॉस्टिना : स्वयंपाकघरातील धर्मभगिनी

या भक्तीची प्रेषिता संत फॉस्टिना कोवाल्स्का हिचा जन्म २५ ऑगस्ट १९०५ रोजी पोलंडमधील ग्लोगोव्येत्स या खेड्यात, एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. दहा भावंडांत ती तिसरी. तिचे शालेय शिक्षण जेमतेम तीन वर्षांचे होते. किशोरवयातच तिने परक्यांच्या घरी मोलकरणीचे काम पत्करले. अनेक मठांनी तिला प्रवेश नाकारला. अखेर वॉर्सा येथील एका मठाने होकार दिला, परंतु स्वतःच्या कपडेलत्त्यापुरती रक्कम जमवण्यासाठी तिला आणखी एक वर्ष घरकाम करावे लागले. १ ऑगस्ट १९२५ रोजी ती मठात दाखल झाली. तेथेही तिच्या वाट्याला स्वयंपाकघर, बाग आणि दाराची राखण हीच कामे आली.

२२ फेब्रुवारी १९३१ रोजी प्वॉत्स्क येथे तिला प्रभू येशूचे दर्शन घडले. आपल्या या रूपाचे चित्र रेखाटावे आणि त्याखाली भरवशाचे शब्द लिहावेत, अशी प्रभूने तिला आज्ञा केली. तिचे आध्यात्मिक मार्गदर्शक फादर मिखाऊ सोपोच्को यांच्या प्रयत्नांमुळे १९३४ साली विल्नो येथे (आजचे व्हिल्नियस) चित्रकार काझिमिरोव्स्की यांनी ते चित्र पूर्ण केले. चित्रातील फिकट आणि लाल किरण क्रुसावरील ख्रिस्ताच्या कुशीतून वाहिलेल्या पाण्याचे व रक्ताचे प्रतीक आहेत. क्षयरोगाने जर्जर झालेली फॉस्टिना ५ ऑक्टोबर १९३८ रोजी क्राकूव येथे, अवघ्या ३३ व्या वर्षी प्रभुघरी गेली.

भरवशाची कसोटी

फॉस्टिनाच्या मृत्यूनंतर या भक्तीची वाट सुकर झाली नाही. १९५९ साली रोमने तिच्या लिखाणावर आधारित चित्रांच्या व भक्तीच्या प्रसारास मनाई केली. ही मनाई जवळजवळ १९ वर्षे टिकली. क्राकूवचे तत्कालीन आर्चबिशप कारोल वोयतिला यांनी तिच्या जीवनाची व लिखाणाची रीतसर चौकशी करविली आणि १५ एप्रिल १९७८ रोजी मनाई उठली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेच आर्चबिशप पोप जॉन पॉल दुसरे झाले. ३० एप्रिल २००० रोजी त्यांनी फॉस्टिनाला संतपद बहाल केले आणि त्याच दिवशी दैवी दयेचा रविवार सर्व ख्रिस्तसभेसाठी जाहीर केला.

फादर सोपोच्को मात्र १९७५ साली, मनाई कायम असतानाच मरण पावले. ज्या कार्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले, त्याचे फळ त्यांनी पाहिले नाही. २००८ साली ख्रिस्तसभेने त्यांना धन्य घोषित केले. परमेश्वरावर भरवसा ठेवणे म्हणजे आपल्या इच्छेप्रमाणे सर्व काही घडेल अशी खात्री बाळगणे नव्हे. फळ दिसले नाही तरी सोपवलेले काम सोडायचे नाही, हा खरा भरवसा होय. आजारपण, बेकारी, परदेशी गेलेल्या मुलांची काळजी, व्यसनाने पोखरलेले घर अशा प्रसंगी वर्षानुवर्षे प्रार्थना करणाऱ्या भाविकांनी हे ध्यानात ठेवावे. असा भरवसा औषधोपचार किंवा कष्ट यांची जागा घेत नाही, तर ते करण्याचे बळ देतो.

दयेची चौदा कृत्ये

दया ही केवळ मनातील भावना राहू नये म्हणून ख्रिस्तसभेने तिला निश्चित रूप दिले आहे. शारीरिक दयाकृत्ये सात आहेत : भुकेल्याला अन्न देणे, तान्हेल्याला पाणी देणे, उघड्याला वस्त्र देणे, बेघराला आसरा देणे, आजाऱ्याला भेटणे, बंदिवानाचा समाचार घेणे आणि मृताला मूठमाती देणे. यांपैकी पहिली सहा संत मत्तयच्या शुभवर्तमानातील २५ व्या अध्यायावर आधारलेली असून सातव्याची प्रेरणा तोबीतच्या ग्रंथात आढळते. आध्यात्मिक दयाकृत्येही सातच : शंकाकुलाला सल्ला देणे, अज्ञान्याला शिकवणे, पाप्याला सावध करणे, दुःखिताचे सांत्वन करणे, अपराधाची क्षमा करणे, त्रासदायक माणसांना धीराने सहन करणे आणि जिवंत व मृतांसाठी प्रार्थना करणे.

कृती, शब्द आणि प्रार्थना या तीन मार्गांनी दया करता येते, असे फॉस्टिनाच्या दैनंदिनीत नमूद आहे. त्यामुळे अंथरुणाला खिळलेला वृद्धही दया करू शकतो. त्याचे हात चालत नसतील, परंतु शब्द आणि प्रार्थना त्याच्यापाशी असतातच.

सर्वांत अवघड दया

चौदांपैकी क्षमा बहुधा सर्वांत अवघड आहे. जमिनीच्या वाटणीवरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत आणि एकाच मंदिरात, एकाच वेदीवरून ख्रिस्तप्रसाद घेतात, हे दृश्य आपल्याला अपरिचित नाही. संत मत्तयच्या १८ व्या अध्यायातील निर्दय चाकराचा दाखला येथे नीट वाचावा. सोबत्याकडून येणे होते शंभर दिनार. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे तीन महिन्यांहून अधिक कष्टांची ती रक्कम होती. आपले दुखणे क्षुल्लक आहे, असे प्रभू म्हणत नाही. आपल्याला माफ झालेले कर्ज त्याहून अपार मोठे आहे, याची तो आठवण देतो.

मात्र क्षमा म्हणजे अन्यायाला संमती नव्हे. घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रीने संरक्षण मागणे, फसवल्या गेलेल्याने कायद्याचा आधार घेणे, यात दयेचा भंग होत नाही. पाप्याला सावध करणे हेही दयाकृत्यच आहे. सूडाची इच्छा सोडणे आणि अपराध्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करणे, येथून क्षमेचा आरंभ होतो. मनाला वेळ लागला तर तो द्यावा. प्रार्थना मात्र थांबवू नये.

पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०१५ ते २० नोव्हेंबर २०१६ हे दयेचे पवित्र वर्ष म्हणून पाळण्यास सांगितले होते. ते वर्ष सरले, परंतु दयेचे काम सरलेले नाही. दुपारी तीन वाजता, प्रभूच्या मरणाच्या घटकेला, क्षणभर थांबून आपली चिंता त्याच्या हाती सोपवावी आणि ज्याच्याशी आपण अबोला धरला आहे, त्याचे नाव प्रार्थनेत घ्यावे. दयाळू पिता आपणा सर्वांना तसे करण्याची कृपा देवो.