दप्तरतपासणीची कसोटी

महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या वाटेवरील नाते या गावी १८९६ साली चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर (१९४३–४९) म्हणून ते सर्वपरिचित आहेत. त्यांच्या कारकिर्दीतील बँकतपासणीची मात्र चर्चा फारशी होत नाही. युद्धकाळात बँकांचे पेव फुटले. १९४६ च्या वटहुकुमाने रिझर्व्ह बँकेला त्यांची दप्तरे तपासण्याचा अधिकार दिला आणि १९४९ च्या बँकिंग कंपन्यांच्या कायद्याने तो स्थिर केला. परवान्यासाठी त्या कायद्याने घातलेली कसोटी मार्मिक आहे. खतावणीच्या बेरजा जुळणे पुरेसे नव्हते. ठेवीदारांची देणी जसजशी येतील तसतशी ती पूर्ण भागवता येतील काय, हे पाहावयाचे होते. तथापि तपासणी म्हणजे अभय नव्हे. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाल्या. त्यानंतर, १९६२ पासून, ठेवींचा विमा सुरू झाला.

‘दप्तर’ हा फारसीतून आलेला शब्द आता डेटाबेस सर्व्हरलाही शोभावा, कारण व्यापाराच्या नोंदी तेथेच राहतात. त्याची तपासणी करणारा मेमरी, डिस्कवरील मोकळी जागा, कोणास कोणते अधिकार दिले आहेत इत्यादी गोष्टी पाहतो, व ते आवश्यकच होय. परंतु ‘बॅकअप रोज यशस्वी’ ही नोंद म्हणजे केवळ जुळलेली बेरीज. तो बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर उतरवून नोंदी पूर्ण मिळतात काय, आणि त्यास किती तास लागतात, हे पाहिल्यावाचून १९४९ ची कसोटी लागली असे म्हणता येत नाही.