बाळ कशाशी बांधावे?
झोळी, बाबागाडी आणि मोटारीतील आसन यांचा इतिहास

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची पायवाट वर चढते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, कोकणातील बंदरे आणि घाटमाथ्यावरील जुन्नर यांना जोडणारा हा व्यापारी मार्ग होता. कातळ फोडून ही वाट केलेली आहे आणि माथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे. चाक त्या काळी लोकांना चांगलेच ठाऊक होते. पण दगडी पायऱ्यांच्या खड्या चढणीवर त्याचा काही उपयोग नाही. त्यामुळे या घाटातून जे काही वर गेले ते जनावरांच्या पाठीवरून, माणसांच्या डोक्यावरून, खांद्यावरून आणि कडेवरून गेले. इतिहासाच्या पुस्तकांत मालाची आणि जकातीची नोंद सापडते. कडेवरच्या बाळांची नोंद कोणी केली नाही.

तरीही तान्हे मूल एका जागेहून दुसऱ्या जागी कसे न्यावे, हा मानवापुढचा फार जुना तांत्रिक प्रश्न आहे. आज कल्याणच्या बाजारात बाळासाठी खरेदीला गेलेल्या आईवडिलांपुढे तीन वस्तू येतात: अंगावर बांधायची झोळी, ढकलायची बाबागाडी आणि मोटारीत बसवायचे छोटे आसन, ज्याला दुकानात ‘कार सीट’ म्हणतात. या तिन्ही एकाच जातीच्या वस्तू आहेत आणि ऐपतीप्रमाणे त्यांतली एखादी निवडायची, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात त्या तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. ते प्रश्न कोणते, हे त्यांच्या इतिहासावरून चांगले समजते.

पहिले साधन : कापडाचा तुकडा

माकडाचे पिल्लू आईच्या अंगावरील केस घट्ट धरून तिला बिलगते. आपल्या नवजात बाळाच्या तळहातावर बोट ठेवले तर तेही मूठ आवळते; हा त्याच जुन्या पकडीचा अवशेष मानला जातो. पण मानवी आईच्या अंगावर धरण्याजोगे केस राहिले नाहीत आणि बाळाच्या पायांचीही पकड गेली. त्यामुळे धरण्याचे काम बाळाकडून आईकडे आले आणि तिचा निदान एक हात कायमचा अडकला.

हा हात मोकळा करणारे साधन म्हणजे झोळी. कातडे, वेल, कापड या वस्तू कुजून जातात, म्हणून पहिली झोळी केव्हा बांधली गेली हे उत्खननातून कळणे अवघड आहे. तिचे महत्त्व मात्र मोजता येते. कारा वॉल-शेफलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बाळाएवढे वजन झोळीत घेण्यापेक्षा नुसत्या हातांवर घेऊन चालताना सुमारे १६ टक्के अधिक ऊर्जा लागते असे आढळले. दिवसभर कंदमुळे शोधत हिंडणाऱ्या आईच्या दृष्टीने ही मोठीच बचत होती. झोळी हे माणसाच्या अगदी आरंभीच्या अवजारांपैकी एक असावे, असे काही मानवशास्त्रज्ञ मानतात ते यामुळेच.

मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतील ठाकर, कातकरी, महादेव कोळी समाजांतील बायकांना हे अवजार कोणी शिकवावे लागले नाही. जुन्या लुगड्याचा तुकडा खांद्यावरून घेऊन गाठ मारली की बाळ अंगाशी राहते आणि दोन्ही हात कामाला मोकळे होतात. भाताच्या आवणीच्या वेळी तेच कापड बांधावरच्या झाडाला टांगले की पाळणा होतो.

कडेवर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलेल्या बाळाच्या मांड्या वर उचललेल्या आणि फाकलेल्या असतात. या स्थितीत मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या खोबणीत नीट बसतो. उलट, पाय सरळ करून घट्ट गुंडाळल्यास खुबा निखळण्याची शक्यता वाढते. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास बाळांना असे गुंडाळण्याविरुद्ध देशभर मोहीम झाली आणि त्यानंतर या विकाराचे प्रमाण बरेच घटले. माँट्रियल येथे १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, रोज अधिक वेळ अंगावर घेतलेली बाळे सहा आठवड्यांची असताना इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडली.

कमी वजनाच्या बाळांच्या बाबतीत तर अंगाशी असणे हा औषधोपचार ठरला. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ साली डॉ. एडगर रे यांनी, काचपेट्या अपुऱ्या पडत असल्यामुळे, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून बांधून ठेवण्यास सुरुवात केली. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जन्मानंतर लगेच असे जवळ घेतल्याने पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले.

चाक आले, पण रस्ता?

बाबागाडीचा इतिहास साधारणपणे १७३३ पासून सांगतात. त्या वर्षी इंग्लंडमधील उद्यानरचनाकार विल्यम केंट यांनी डेव्हनशरच्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची एक छोटी गाडी बनवली. ती शेळी किंवा तट्टू ओढत असे आणि ती चालायची ती ड्यूकच्या बागेतील सपाट वाटांवर. मागून ढकलण्याच्या गाड्या एकोणिसाव्या शतकात आल्या. अमेरिकेत विल्यम रिचर्डसन यांना १८८९ साली मिळालेल्या पेटंटमध्ये बाळाचे तोंड आईकडे किंवा समोर वळवता येण्याची सोय होती.

पण चाकाला सपाट पृष्ठभाग लागतो. लहान चाक मोठ्या खड्ड्यात अडकते, हे बैलगाडीची चाके एवढी मोठी का असतात याचा विचार केला तरी पटते. शहरांत फरसबंद पदपथ झाले तशी बाबागाडी पसरली. जिथे पदपथ नाही तिथे ती शोभेची वस्तू राहिली. आपल्याकडील लाकडी पांगुळगाडाही सारवलेल्या अंगणात चालतो, शेताच्या बांधावर चालत नाही.

१९६५ साली ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश अभियंत्याने छत्रीसारखी मिटणारी बाबागाडी तयार केली. दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर विमानाच्या, उड्डाणानंतर मिटून आत जाणाऱ्या चाकांच्या रचनेवर त्यांनी काम केले होते. ॲल्युमिनियमच्या नळ्यांची त्यांची गाडी तीन किलोंहूनही कमी वजनाची होती. ती मिटायला हवी होती, कारण आता ती मोटारीत, आगगाडीत आणि विमानात चढवायची होती. बाळाचा प्रवास वेगवान झाला होता.

वेग आणि नवा प्रश्न

मोटारीत मुलांसाठी आसने १९३० च्या दशकातच आली होती. पण त्यांचा उद्देश मूल उंच बसावे, त्याला खिडकीबाहेर दिसावे आणि त्याने चालकाला त्रास देऊ नये एवढाच होता. अपघातात मूल वाचावे म्हणून आसन करावे, हा विचार १९६२ च्या सुमारास ब्रिटनमधील जीन एम्स आणि अमेरिकेतील लेनर्ड रिव्हकिन यांच्या रचनांतून पुढे आला. स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन यांनी वेगळी दिशा घेतली. उड्डाणाच्या वेळी अंतराळवीर आसनात पाठ टेकून पडलेले असतात. त्यामुळे त्वरणाचा जोर साऱ्या पाठीवर विभागला जातो. हे तत्त्व वापरून त्यांनी १९६४ च्या सुमारास पाठ पुढच्या दिशेला आणि तोंड मागे असलेल्या बाल-आसनाच्या चाचण्या घेतल्या.

तोंड मागे का? नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या जवळजवळ पाव भाग असते. प्रौढाचे सुमारे एक अष्टमांश. शिवाय बाळाच्या मानेचे मणके अजून पूर्ण हाड झालेले नसतात. तोंड पुढे असताना गाडी एकदम थांबली तर पट्टा धड अडवतो आणि जड डोके पुढे फेकले जाऊन सारा ताण मानेवर येतो. तोंड मागे असले तर डोके, मान आणि पाठ एकदमच आसनात दाबली जातात.

गंमत अशी की त्याच दशकात पाश्चात्त्यांनी झोळीही नव्याने शिकून घेतली. आफ्रिकेतील टोगो देशात काम करून परतलेल्या ॲन मूर या परिचारिकेने तिथल्या आयांचे पाहून अंगावर बांधायची पिशवी बनवली आणि १९६९ साली तिचे पेटंट मिळवले. एकाच दशकात तिन्ही साधनांना आजचे रूप आले.

हात का पुरत नाहीत

“मी बाळाला घट्ट धरीन,” असे प्रत्येक आई मनापासून म्हणते. आपण गणित करून पाहू.

ताशी ४० कि.मी. म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. टक्कर झाल्यावर गाडीचा पुढचा भाग चेमटत अर्ध्या मीटरमध्ये ती थांबली असे धरू. v² = २ad या सूत्राने मंदन सेकंद-वर्गाला सुमारे १२३ मीटर, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या साडेबारा पट येते. आठ किलोंच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे १,००० न्यूटन बल हवे. म्हणजे तेवढ्या क्षणापुरते ते बाळ शंभर किलोंचे होते. हा क्षण सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही लहान असतो. ताशी ४० कि.मी. वेगाने आपटणे हे सव्वासहा मीटर उंचीवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखेच आहे. यात मायेचा दोष नाही. आपले स्नायू चालण्याच्या आणि धावण्याच्या वेगासाठी घडले आहेत.

१८५८ साली झाशीच्या किल्ल्यातून बाहेर पडणाऱ्या राणी लक्ष्मीबाईंच्या पाठीशी दामोदरराव बांधलेला आपण चित्रांत आणि पुतळ्यांत पाहतो. तिथे ते योग्यच होते. स्वार मांडांनी घोड्यावर पक्का असतो आणि मूल स्वाराशी पक्के असते. मोटारीत बसलेली आई मात्र स्वतःच पट्ट्याने गाडीला बांधलेली असावी लागते. बाळ झोळीत घेऊन ती मोटारीत बसली किंवा दोघांभोवती एकच पट्टा घेतला, तर टकरीत तिच्या शरीराचा भार बाळावर येतो.

यावरून एक साधा नियम निघतो. जे वाहन असेल त्याच्याशी बाळ बांधावे. आई चालत असते तेव्हा आईच वाहन असते. तिथे झोळी उत्तम. मोटार धावते तेव्हा वाहन मोटार असते. तिथे बाळ मोटारीला जोडलेल्या आसनात हवे. बाबागाडीतही पट्टा लावायचा तो याच कारणासाठी.

मुरबाडच्या रस्त्यावर

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणाऱ्या आणि शहापुरातून नाशिककडे जाणाऱ्या महामार्गांवर आज वाहनांची वर्दळ असते. जून २०२५ मध्ये पूर्ण झालेला समृद्धी महामार्गही शहापूर तालुक्यातून जातो. त्याच्या सपाट भागात मोटारींना ताशी १२० कि.मी. पर्यंत मुभा आहे. वेग तिप्पट झाला की गतिज ऊर्जा नऊपट होते. वेग एका पिढीत बदलला, बाळ धरण्याची रीत मात्र नाणेघाटातलीच राहिली.

कायद्याने याची दखल घेतली आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मूल सीटबेल्टने किंवा बाल-आसनात सुरक्षित केलेले नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. दुचाकीवर नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी चालकाशी जोडणारा पट्टा, मुलाच्या मापाचे हेल्मेट आणि ताशी ४० कि.मी. ची मर्यादा हा नियम २०२२ साली जाहीर होऊन फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. हा पट्टा मुलाला मागे घसरून पडण्यापासून वाचवतो. टकरीपासून वाचवू शकत नाही. म्हणूनच वेगमर्यादा त्याच्या जोडीला आहे. नऊ महिन्यांखालील बाळाला दुचाकीवर नेणे टाळावे, हेच शहाणपणाचे.

मग काय घ्यावे? पायवाटेच्या गावात सुती झोळी पुरेशी आहे. मात्र बाळाचे तोंड उघडे दिसावे आणि हनुवटी छातीला टेकू नये. तशी टेकली तर श्वास कोंडतो. अमेरिकेत २०१० साली चार महिन्यांखालील बाळांबाबत याच कारणाने इशारा देण्यात आला. बाबागाडी घराजवळ सपाट रस्ता असेल तरच घ्यावी, आणि मिटणारी हलकी गाडी बाळ स्वतः बसू लागल्यावर. पैसे मोजकेच असतील आणि घरी मोटार असेल तर ते आधी बाल-आसनावर खर्च करावेत. जागतिक आरोग्य संघटनेनुसार अशा आसनांमुळे तान्ह्या बाळांचे मृत्यू ७१ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात. आसन मागच्या सीटवर, तोंड मागे करून, बाळ त्यात मावेल तितके दिवस ठेवावे. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना असे आसन कधीही ठेवू नये. अपघात झालेल्या गाडीतील जुने आसन घेऊ नये. रिक्षात किंवा जीपमध्ये पट्टा नसतो. तिथे मागच्या सीटवर बसावे आणि चालकाला वेग कमी करायला सांगावे. ताशी ६० ऐवजी ४० ने ऊर्जा निम्म्याहून कमी होते.

वर्गात करून पाहा

एक फळी, एक खेळण्यातली गाडी आणि ओल्या मातीचे मोठ्या डोक्याचे, बारीक मानेचे बाळ एवढे साहित्य पुरे. फळी तिरपी करून खाली जाड पुस्तक ठेवा. पहिल्यांदा बाळ गाडीत मोकळे ठेवा. दुसऱ्यांदा कमरेला दोरा बांधा आणि मानेकडे पाहा. तिसऱ्यांदा पुठ्ठ्याची पाठ लावून बाळाचे तोंड मागे करा. मग मुलांना विचारा: गाडीचा वेग दुप्पट करायचा तर फळी किती पट उंच करावी लागेल? घर्षण सोडल्यास उत्तर चौपट असे येते, आणि ते मुलांनी स्वतः काढलेले बरे. आठवीनववीच्या मुलांच्या घरी धाकटी भावंडे असतात, आणि त्यांना कडेवर घेऊन जीपमध्ये चढणारी बहुधा हीच मुले असतात.