सुरम्याचा दगड

ईदच्या सकाळी अत्तराच्या फायापाठोपाठ घरात सुरमादाणी फिरते. हजहून परतणारे खजूर आणि जमजमबरोबर सुरम्याची पुडी आणतात. बरेलीचा सुरमा तर गावोगावच्या उरुसात मांडलेला असतो. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत सुरम्याची सलाई फिरवल्याशिवाय कितीतरी आजींना चैन पडत नाही. आमच्या समाजात ही रीत इतकी मुरलेली आहे की सुरमा म्हणजे नेमका कोणता पदार्थ, हे विचारण्याचे सहसा कुणाच्या मनात येत नाही. या प्रश्नाचा मागोवा घेऊ लागले की नाईलच्या काठापासून थेट आमच्या वर्गातल्या बाकापर्यंत यावे लागते.

आधी शब्दाकडे पाहू. अरबीत सुरम्याला 'कुहल' म्हणतात आणि डोळ्यांच्या तबीबाला 'कह्हाल', म्हणजे सुरमा घालणारा. यावरून त्या काळी सुरमा नुसता शृंगार नव्हता, ते औषधही होते, हे ध्यानात यावे. बगदादचा अली इब्न ईसा या कह्हालाचा 'तज्किरतुल कह्हालीन' हा ग्रंथ पुढे कित्येक शतके नेत्रवैद्यकाचे पाठ्यपुस्तक होता. त्याच्याच काळाच्या आसपास अम्मार इब्न अली अल-मौसिली मिसरमध्ये पोकळ सुईने मोतीबिंदू शोषून काढीत होता. 'अल-कुहल' म्हणजे मुळात वस्त्रगाळाहूनही बारीक केलेली पूड. हा शब्द लॅटिनमध्ये गेला, तिथे त्याचा अर्थ पुडीवरून 'सार', 'अर्क' असा सरकत गेला आणि सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने तो द्राक्षमद्याच्या अर्काला लावला. तोच आजचा 'अल्कोहोल'. ज्या शब्दाला आम्ही कानांवर हात ठेवतो, तो आमच्याच सुरमादाणीतून निघालेला आहे!

आता पदार्थाकडे वळू. प्राचीन मिसरी लोक काळ्या सुरम्याला 'मेसदेमेत' म्हणत. तुतानखामेनच्या थडग्यातील वस्तूंवर काम केलेले रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड लुकास यांनी जुन्या सुरम्यांच्या विश्लेषणाचा आढावा घेतला, तेव्हा बहुतेक नमुने गॅलेनाचे, म्हणजे शिशाच्या सल्फाइडचे निघाले. अँटिमनी जवळजवळ नव्हतीच. पुढे १९९९ साली फ्रान्सच्या फिलिप वॉल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध 'नेचर' या नियतकालिकात आला. लूव्र संग्रहालयातील मिसरी प्रसाधनपात्रांत जे चूर्ण तीन-चार हजार वर्षे पडून होते, त्याचे ४९ नमुने त्यांनी क्ष-किरणांनी तपासले. गॅलेना आणि सेरुसाइट ही खनिजे त्यात होतीच, पण लॉरिओनाइट आणि फॉसजेनाइट ही शिशाची दोन क्लोराइड संयुगेही सापडली. ही संयुगे निसर्गात फार दुर्मीळ. इतक्या प्रमाणात ती सापडतात याचा अर्थ ती मुद्दाम तयार केलेली होती. प्लिनी आणि डायोस्कोरिडीस यांच्या ग्रंथांत कृती सापडते: शिशाचे ऑक्साइड मीठ घातलेल्या पाण्यात खलायचे, वरचे पाणी ओतून टाकायचे आणि हे काम रोज नव्याने, कित्येक आठवडे करीत राहायचे. संशोधकांनी त्या वाटेने जाऊन पाहिले आणि तेच संयुग हाती लागले. चार हजार वर्षांपूर्वीची ही प्रयोगशाळा! त्या कारागिरांच्या धीराला आम्ही मनापासून सलाम करतो.

पण याच संशोधनाचा पुढचा भाग वर्तमानपत्रांनी भलताच गाजवला. २०१० साली याच मंडळींपैकी काहींनी ख्रिस्तियन आमातोर यांच्यासह त्वचेच्या एकेका पेशीवर लॉरिओनाइटच्या अत्यल्प मात्रेचा परिणाम मोजला. पेशीत नायट्रिक ऑक्साइड सुमारे २४० टक्क्यांनी वाढला. हा वायू शरीराच्या संरक्षणव्यवस्थेला जाग आणणारा इशारा आहे, तेव्हा नाईलच्या पुरानंतर येणाऱ्या डोळ्यांच्या साथींत या सुरम्याने मदत केली असावी, असा तर्क त्यांनी मांडला. मथळे मात्र असे आले की जणू सुरमा औषध असल्याचे सिद्धच झाले. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी तर ते कात्रण जपून ठेवले आहे. प्रयोगातले संयुग लॉरिओनाइट होते, बाजारातल्या पुडीत असतो तो गॅलेना. प्रयोग पेशींवर झाला होता, आजारी माणसाच्या डोळ्यांवर नव्हे. आणि मात्रा इतकी सूक्ष्म होती की सुरम्याची एक सलाई तिच्यापुढे डोंगर ठरावी. संशोधन वाचताना कोणता पदार्थ, किती आणि कशावर, हे तीन प्रश्न आम्ही विद्यार्थ्यांना विचारायला शिकवतो. वर्तमानपत्र वाचतानाही ते उपयोगी पडतात.

एका पालकसभेत आम्ही सुरम्यातल्या शिशाविषयी बोललो, तेव्हा मागच्या रांगेतून एका बुजुर्ग खालांनी विचारले, "मग काय, मास्तर, सुन्नत सोडायची?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देता येत नाही. इमाम तिर्मिजींच्या 'शमाइल'मध्ये सुरम्यावर स्वतंत्र बाब आहे आणि हदीसमध्ये शब्द आहे 'इस्मिद'. कोशांत इस्मिदचा अर्थ अँटिमनीचा दगड असा दिलेला असतो. पण अँटिमनीचे खनिज आणि गॅलेना दोन्ही जड, करडे-काळे, चकाकणारे. अख्खा दगड हाती असेल तर ओळखता येतो: गॅलेना फुटला की चौकोनी खडे पडतात आणि तो वजनाला फार भारी लागतो, अँटिमनीचे स्फटिक सुयांसारखे लांबट असतात आणि ते मेणबत्तीच्या ज्योतीवरही वितळते. एकदा पूड झाली की डोळ्यांना फरक कळत नाही. गेल्या काही दशकांत ओमान, अमिरात, मिसर अशा ठिकाणच्या बाजारांतून सुरमे घेऊन तपासले गेले. कितीतरी नमुन्यांत गॅलेनाच मुख्य निघाला, काहींत काजळी किंवा जस्ताचे ऑक्साइड होते, अँटिमनी मात्र क्वचितच. पुडीवर 'इस्मिद' छापले म्हणून आत इस्मिद असतोच असे नाही. शिवाय अँटिमनीही काही निरुपद्रवी धातू नव्हे. आम्ही खालांना एवढेच म्हणालो की सुन्नतीचा मान राखायचा तर आधी दगड कोणता ते दुकानदाराला विचारा.

विलायतेत गेलेल्या भारतीय-पाकिस्तानी कुटुंबांतील मुलांच्या रक्तात शिसे का सापडते, या शोधात तिथले डॉक्टर सुरम्यापर्यंत पोहोचले. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १९६८ साली डोळ्यांच्या प्रसाधनातून झालेल्या शिसेबाधेची नोंद आली आणि १९७८ साली अली, स्मेल्स व अस्लम यांचा सुरम्यावरचा निबंध आला. गॅलेना पाण्यात विरघळत नाही, मग बाधा कशी, असा आक्षेप घेतला गेला. उत्तर सोपे आहे. डोळ्यांतले पाणी अश्रुनलिकेतून नाकात आणि घशात उतरते. मूल डोळे चोळते आणि तीच बोटे तोंडात घालते. पोटातल्या आम्लात गॅलेनाचा काही भाग विरघळतो. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेते, आणि अंगात लोह कमी असेल तर आणखी जास्त. ते हाडांत कॅल्शियमच्या जागी जाऊन बसते आणि मेंदूच्या वाढीत अडथळा आणते.

शिक्षक म्हणून आम्हाला सर्वांत अस्वस्थ करणारा अभ्यास सुरम्याचा नाहीच. १९७९ साली अमेरिकेत हर्बर्ट नीडलमन यांनी पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतले शिसे मोजले. त्या मुलांचे वर्गातले वागणे कसे आहे, हे त्यांच्या शिक्षकांना विचारले. कुणाच्या दातांत किती शिसे आहे, ते शिक्षकांना ठाऊक नव्हते. दातांत शिसे जितके जास्त, तितकी लक्ष विचलित होण्याची, काम अर्धवट सोडण्याची, साध्या सूचना न पाळता येण्याची तक्रार जास्त निघाली. ती मुले दिसायला आजारी नव्हती. अशा मुलांना आम्ही शिक्षक 'मठ्ठ' म्हणून मोकळे होतो.

शिशाची धोक्याची रेषाही खाली खाली येत गेली आहे. अमेरिकेत रक्ताच्या १०० मिलिलीटरमागे १९७० साली ४० मायक्रोग्रॅम ही पातळी धरली जाई, १९९१ मध्ये ती १० झाली, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३.५. जागतिक आरोग्य संघटना तर शिशाची कोणतीच पातळी निर्धोक मानत नाही. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिशाची संयुगे वापरण्यास कायद्याने मनाई आहे, २०२० च्या नव्या नियमांतही ती आहे. अमेरिकेत गॅलेनाचा सुरमा विकणेच बेकायदा आहे. पण उरुसातल्या सुट्या पुडीवर ना कारखान्याचे नाव, ना घटकद्रव्यांची यादी. तिथे कायदा जाऊन करणार काय?

एरंडेलाच्या किंवा तुपाच्या दिव्यावर ताट धरून घरी पाडलेले काजळ म्हणजे नुसता कोळसा, त्यात शिसे नसते. तरीही तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत बोटाने काहीच घालू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण बोटाबरोबर जंतू जातात. आमच्या मोहल्ल्यातल्या काही तरुण आया आता नजरेचा टीका बाळाच्या कानामागे लावतात. आजी कुरकुरतात, पण चालवून घेतात.