कायाकसाठी परवडणारा फिश फाइंडर : घेताना काय बघावं, घेतल्यावर कसा सांभाळावा

रावपुरा (वडोदरा) : रावपुरा, दांडिया बाजार भागात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. यातल्या अनेकांचे नातेवाईक नवापूर, नंदुरबार, धुळ्याकडे असतात. त्यामुळे सुट्टीत गळ टाकायला कुणी अजव्याकडे बघतो, कुणी थेट उकाईच्या फुगवट्यापर्यंत जातो. हौसेने कायाक घेतली की पुढचा प्रश्न ठरलेला : पाण्याखाली काय आहे ते दाखवणारं यंत्र, म्हणजे फिश फाइंडर, घ्यायचा का? घ्यायचा तर कितीचा? खिशाला परवडेल आणि दोन-चार वर्षं टिकेल असं यंत्र निवडण्यासाठी लागणारी माहिती इथे एकत्र दिली आहे.

यंत्र चालतं कसं?

पूर्वी कोळी लोक दोरीला वजन बांधून पाणी मोजत. दोन्ही हात पसरले की होणारं माप म्हणजे एक वाव. फिश फाइंडर हेच काम आवाजाने करतो. ट्रान्सड्यूसर नावाचा छोटा भाग पाण्यात आवाजाचे ठोके सोडतो आणि तळावरून परत आलेला प्रतिध्वनी ऐकतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. तळ १५ मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन ३० मीटर अंतर आवाज सेकंदाच्या पन्नासाव्या भागात कापतो. या वेळेवरून यंत्र खोली काढतं. मासेमारीसाठी असं उपयोगी यंत्र जपानच्या फुरुनो बंधूंनी १९४८ साली बाजारात आणलं. आज तेच तत्त्व तळहाताएवढ्या डब्यात बसलं आहे.

मासा दिसतो तो मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे. आवाज पाण्यातून हवेत सहज शिरत नाही, तिथून परत फिरतो. रोहू, कटला, मृगळ यांना ही पिशवी असते, म्हणून ते चांगले उमटतात. मुशीला ती नसते, म्हणून तिची खूण फिकी येते.

पडद्यावरचा प्रत्येक मासा मासा नसतो

स्वस्त यंत्रं पडद्यावर माशाचं चित्र काढून दाखवतात. ते चित्र म्हणजे यंत्राचा अंदाज. बुडालेली फांदी, पाण्यात तरंगणारा पाला, बुडबुडे यांनाही ते मासा समजतं. शक्य असेल तर ही चित्रं बंद करून मूळ खुणा वाचायला शिकावं. कायाक पुढे सरकत असताना मासा कमानीसारखा दिसतो, कारण तो आधी जवळ येतो आणि मग दूर जातो. कायाक उभी असेल तर तोच मासा आडव्या रेघेसारखा दिसतो. तळाची जाड रेघ म्हणजे कठीण, खडकाळ तळ. पातळ आणि फिकी रेघ म्हणजे गाळ.

उकाईसारख्या जलाशयात याचा खरा उपयोग होतो. धरणाच्या पाण्याखाली जुनी गावठाणं आणि झाडं गेली. जाळं, गळ किंवा नांगराची दोरी अशा ठिकाणी अडकली तर छोटी कायाक एका बाजूला ओढली जाते. तळावरून उभ्या वर आलेल्या खुणा दिसल्या की नांगर टाकायचा नाही, एवढं जरी यंत्राने शिकवलं तरी पैसे वसूल.

पातळी वेगळी, खोली वेगळी

पावसाळ्यात बातम्यांत येतं : अजवा २१२ फुटांवर, उकाई ३४५ फुटांवर, सरदार सरोवर १३८.६८ मीटरवर. हे आकडे पाण्याची खोली सांगत नाहीत. समुद्रसपाटीपासून पाण्याचा पृष्ठभाग किती उंच आहे, ते हे आकडे सांगतात. फिश फाइंडर मात्र ट्रान्सड्यूसरखाली तळ किती आहे ते दाखवतो. अजव्याची पातळी २१२ फूट आहे म्हणून तिथे २०० फूट क्षमतेचं यंत्र अपुरं पडेल, ही समजूत चुकीची. नदी-तलावात कायाकवाल्याला बहुतेक वेळा ३० मीटरपलीकडे बघायची गरज पडत नाही. म्हणून खोक्यावर छापलेल्या 'हजार फूट खोली'साठी जादा पैसे मोजू नयेत.

यंत्र हातात आलं की पहिल्यांदा एकक तपासावं. काही यंत्रं फुटांत लावलेली येतात. पडद्यावरचे ६ हे ६ फूट की ६ मीटर, यातला गोंधळ उथळ खडकाळ जागी महागात पडतो.

कोणता प्रकार घ्यावा?

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात.

पहिला, हातात धरायचा छोटा डबा आणि वायरीला बांधलेला गोल ट्रान्सड्यूसर. सगळ्यात स्वस्त. खोली आणि तळ समजतो. बारकावे समजत नाहीत. शिकणाऱ्याला पुरेसा.

दुसरा, पाण्यात फेकायचा चेंडू. तो मोबाइलवर चित्र पाठवतो. काठावरून आणि कायाकवरून, दोन्हीकडून चालतो. पण मोबाइलची बॅटरी झपाट्याने उतरते, भर उन्हात पडदा नीट दिसत नाही आणि ओल्या हाताने मोबाइल वापरणं जिकिरीचं असतं.

तिसरा, कायाकवर बसवायचा ४ ते ५ इंच पडद्याचा फाइंडर. गार्मिन, लोरन्स, हमिनबर्ड या कंपन्यांची लहान मॉडेल्स याच गटातली. नियमित जाणाऱ्याने हाच घ्यावा. त्यात जीपीएस असेल तर उत्तम : माशांची जागा, बुडालेलं झाड आणि परतीचा काठ, तिन्हींवर खूण करून ठेवता येते. धुक्यात किंवा अंधार पडताना काठाची खूण फार मोलाची.

कोन आणि वारंवारता : आकडे समजून घ्या

ट्रान्सड्यूसरचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा पसरतो. २० अंशांचा झोत १० मीटर खोलीवर सुमारे साडेतीन मीटर रुंद होतो. ६० अंशांचा साडेअकरा मीटर. पण ३ मीटर उथळ पाण्यात २० अंशांचा झोत जेमतेम एक मीटर जागा दाखवतो. म्हणून तलावासाठी रुंद कोन सोयीचा. मात्र रुंद झोतात मासा नेमका कायाकखाली आहे की बाजूला, हे कळत नाही.

२०० किलोहर्ट्‌झच्या आसपासचा आवाज उथळ पाण्यात स्पष्ट चित्र देतो. ५० किलोहर्ट्‌झचा खोल समुद्रासाठी. 'चर्प' लिहिलेलं यंत्र एकाच वारंवारतेऐवजी एका पट्ट्यातल्या अनेक वारंवारता वापरतं, त्यामुळे जवळजवळचे दोन मासे वेगळे दिसतात. बजेटमध्ये बसत असेल तर मोठ्या पडद्यापेक्षा चर्पवर पैसे घालावेत. पाणी लागण्याबद्दल आयपीएक्स-७ ही खूण बघावी. एक मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडूनही यंत्राला पाणी लागत नाही, असा तिचा अर्थ.

बॅटरीचा हिशोब

यंत्राची किंमत म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. बॅटरी, चार्जर, फ्यूज, बसवायचा हात आणि परदेशातून मागवलं तर कस्टम व जीएसटी हे वेगळं धरावं. परदेशी यंत्राची वॉरंटी भारतात चालते का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यावं.

घरच्या यूपीएसमध्ये असते तीच १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची सीलबंद बॅटरी इथे चालते. मात्र ती निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते. लहान यंत्र ०.३ अँपिअर घेत असेल तर निम्म्या चार्जवर सुमारे ११ तास मिळतात. मोठा पडदा १ अँपिअर घेत असेल तर साडेतीन तासांत खेळ संपला. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी महाग, पण वजन निम्म्याहून कमी आणि आयुष्य जास्त. तिला तिचाच चार्जर लावावा. बॅटरीच्या अगदी जवळ, लाल वायरीवर, कंपनीने सांगितलेल्या क्षमतेचा फ्यूज हवाच. लाल-काळी वायर उलटी जोडणं हे नवं यंत्र पहिल्याच दिवशी जाळण्याचं सोपं साधन आहे. बॅटरी झाकणाच्या डब्यात ठेवून पट्ट्याने आवळावी आणि कायाकच्या मध्यावर, तळाशी ठेवावी.

भोक न पाडता बसवा

कायाकला भोक पाडायची घाई करू नये. पहिला मार्ग : बाजूने पाण्यात उतरणारा हात लावून त्याच्या टोकाला ट्रान्सड्यूसर बांधावा. उथळ जागी तो वर उचलता येतो. दुसरा मार्ग : प्लास्टिकच्या कायाकमध्ये आतून तळाला चिकटवणं. आवाज एकसंध प्लास्टिकमधून जातो, हवेतून जात नाही. म्हणून मध्ये एकही बुडबुडा राहता कामा नये. या प्लास्टिकला गोंद नीट धरत नाही. त्यामुळे फोमचं छोटं आळं करून त्यात ट्रान्सड्यूसर बसवतात आणि थोडं पाणी किंवा जेल घालतात. या पद्धतीत पाण्याचं तापमान चुकीचं दिसतं आणि बाजूचं चित्र दाखवणारी यंत्रं चालत नाहीत.

ट्रान्सड्यूसरची वायर लांब वाटली तरी कापू नये, गुंडाळून ठेवावी. यंत्राला एक सुरक्षा दोरी बांधावी. कायाक उलटली तर निदान यंत्र तळाला जाणार नाही.

देखभाल : दहा मिनिटांचं काम

परतल्यावर यंत्र आणि ट्रान्सड्यूसर गोड्या पाण्याने धुवावेत. उंबरगाव, डहाणूकडच्या खाडीत किंवा समुद्रात नेलं असेल तर त्याच दिवशी. मीठ वाळलं की पिना हिरव्या पडतात. जोडाच्या पिना कोरड्या करून त्यांवर विजेच्या जोडांसाठी मिळणारं सिलिकॉन ग्रीस किंचित लावावं. ट्रान्सड्यूसरच्या तोंडावरचं शेवाळ ओल्या मऊ फडक्याने काढावं. पेट्रोल, थिनर, रॉकेल अजिबात नको. पडदा कोरड्या, धुळकट कापडाने घासू नये.

वडोदऱ्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. बंद गाडीत यंत्र ठेवलं तर पडदा आणि बॅटरी दोन्ही खराब होतात. पावसाळ्यात यंत्र पडून राहणार असेल तर यूपीएसची बॅटरी महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करावी. लिथियमची अर्धी चार्ज करून सावलीत ठेवावी. चित्र अचानक गेलं तर दुरुस्तीला धावण्याआधी चार गोष्टी बघाव्यात : बॅटरीचा व्होल्टेज, फ्यूज, जोड आणि ट्रान्सड्यूसरखाली अडकलेला पाला किंवा बुडबुडा.

यंत्र दाखवत नाही ते

फिश फाइंडर मगर दाखवत नाही. विश्वामित्रीत शेकडो मगरी आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. वडोदऱ्यातून वाहणाऱ्या या नदीत कायाक घालू नये. अजव्यातही मगरी आहेत. शिवाय तो शहराला पिण्याचं पाणी पुरवणारा तलाव आहे. परवानगीशिवाय तिथे उतरू नये.

१८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडाल्या. अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. तलाव शहरातला होता, काठ नजरेसमोर होता. बजेट कमी असेल तर आधी अंगाला नीट बसणारं लाइफ जॅकेट, शिट्टी आणि पाणी न शिरणारी मोबाइलची पिशवी घ्यावी. फाइंडर त्यानंतर.

उकाईचं पाणी गुजरातेतून महाराष्ट्रात शिरतं, सरदार सरोवर तर तीन राज्यांत पसरलं आहे. पाण्यावर सीमेची रेघ दिसत नाही, पण नियम बदलतात. अनेक जलाशयांवर मासेमारीचा हक्क सहकारी संस्थांकडे किंवा ठेकेदाराकडे असतो, आणि धरणात घरं-शेतं गेलेल्या कुटुंबांची चूल त्यावर चालते. एका राज्यातली परवानगी दुसऱ्या राज्यात चालेल असं गृहीत धरू नये. स्थानिक संस्थेला विचारावं, पावसाळ्यातली बंदी पाळावी आणि पडद्यावर थवा दिसला तरी खाण्यापुरतंच घ्यावं.

गावतळ्यात महिन्यातून एकदा गळ टाकणाऱ्याला मात्र या यंत्राची गरजच नाही. दर मीटरला गाठ मारलेली दोरी आणि टोकाला वजन एवढ्यानेही तळ कळतो. त्या दोरीला बॅटरी लागत नाही.