मोल्निया कक्षा

उत्तर ध्रुवालगतच्या प्रदेशांशी लष्करी व मुलकी संदेशवहन राखण्यासाठी वापरली जाणारी, पृथ्वीभोवतीची अतिशय लांबट लंबवर्तुळाकार कक्षा. ‘मोल्निया’ म्हणजे रशियन भाषेत वीज. १९६४ मधील फसलेल्या प्रयत्नांनंतर २३ एप्रिल १९६५ रोजी सोव्हिएत संघाने या मालिकेतील पहिला उपग्रह यशस्वीपणे सोडला.

ही कक्षा वापरणे मुळात भूगोलाने भाग पाडले. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किमी. उंचीवर असतो. गंगापूर तालुक्यातील लासूर स्टेशन साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथून असा उपग्रह दक्षिणेला क्षितिजापासून ६५ अंशांच्या आसपास उंच येतो. घरांच्या पत्र्यांवरील डीटीएच छत्र्यांची तोंडे दक्षिणेकडे असतात ती यामुळेच. मुर्मान्स्कच्या नौदल तळांवरून मात्र तोच उपग्रह जेमतेम १२-१३ अंशांवर येतो, आणि सुमारे ८१ अंश अक्षांशाच्या पलीकडे तो क्षितिजाखालीच राहतो. शिवाय उत्तरेकडील प्लेसेत्स्क प्रक्षेपण तळावरून विषुववृत्तीय कक्षा गाठायला इंधन फार लागते.

मोल्निया कक्षेचा उपभू (पृथ्वीला सर्वांत जवळचा) बिंदू दक्षिण गोलार्धावर काही शे किमी., तर अपभू (सर्वांत दूरचा) बिंदू उत्तर गोलार्धावर सुमारे ४०,००० किमी. उंचीवर असतो. एका फेरीला जवळपास १२ तास लागतात. केप्लरच्या दुसऱ्या नियमानुसार उपग्रह उपभूपाशी सुसाट जातो आणि अपभूपाशी रेंगाळतो. त्यामुळे एका फेरीतले आठेक तास तो उत्तरेकडील केंद्रांच्या माथ्यावर सापडतो. असे तीन उपग्रह पाळीपाळीने वापरले की संपर्क अखंड राहतो. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर असल्याने अपभू बिंदू हळूहळू सरकतो. कक्षेचा कल ६३.४ अंश ठेवल्यास हे सरकणे थांबते. खरी हुशारी या आकड्यात आहे. तोटेही आहेत : जमिनीवरील अँटेना सतत फिरवावी लागते, आणि प्रत्येक फेरीत व्हॅन ॲलन प्रारण पट्ट्यांतून जाताना सौरपट्ट्या झिजतात.

मॉस्को-वॉशिंग्टन हॉटलाइनचा एक मार्ग याच उपग्रहांवरून जात असे. अमेरिकेनेही १९७६ पासून टेहळणी उपग्रहांची चित्रे पाठवण्यासाठी अशा कक्षेचा उपयोग केला. रशियात २००६ पासून मोल्नियाच्या जागी मेरिडियन मालिका आली.

भारताला या कक्षेची गरज पडलेली नाही. नौदलाचा जीसॅट-७ म्हणजेच ‘रुक्मिणी’ (३० ऑगस्ट २०१३) आणि हवाई दलासाठीचा जीसॅट-७ए (१९ डिसेंबर २०१८) हे दोन्ही भूस्थिर. रुक्मिणीला दिलेले ७४ अंश पूर्व हे स्थान लासूर स्टेशनच्या रेखांशापासून सुमारे एका अंशाने पश्चिमेला आहे.