निवडणाऱ्यांची निवड

1909 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या अ‍ॅडम लिरॉय जोन्स यांना प्रवेश संचालक नेमले. अमेरिकेत तेव्हा हे पद नवलाईचेच होते. परीक्षेत उत्तीर्ण होईल त्याला घ्यायचे, हा बहुतेक ठिकाणचा शिरस्ता. त्याची नोंद ठेवायला कुलसचिवांची कचेरी पुरत होती.

पहिल्या महायुद्धानंतर हे बदलले, आणि बदलामागचे कारण फारसे उदात्त नव्हते. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांची मुले परीक्षेत वरचढ ठरू लागली, तशी निव्वळ गुणांवर दार उघडणे नामांकित विद्यापीठांना नकोसे झाले. अर्जावर छायाचित्र आले. हार्वर्ड तर आईचे माहेरचे आडनावही विचारू लागले. शिवाय ‘व्यक्तिमत्त्व’ नावाचा मोघम निकष होताच. कोलंबियात ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून अवघ्या दोन वर्षांत 22 टक्क्यांच्या आसपास घसरले.

असा निकष लावायला भरवशाचा माणूस लागतो, आणि तो आपल्यातलाच हवा असतो. प्रिन्स्टनने 1922 मध्ये रॅडक्लिफ हीरमन्स यांना नेमले. ते 1950 पर्यंत त्याच खुर्चीत होते. माणसे टिकत नाहीत, ही तक्रार तेव्हा कुणाच्या गावीही नव्हती.

दुसऱ्या महायुद्धाने गर्दी आणली. माजी सैनिकांना शिक्षणासाठी मदत देणाऱ्या 1944 च्या कायद्याच्या आधारे त्यांच्यातले सुमारे 22 लाख जण महाविद्यालयांत शिरले. पुढे त्या पिढीची मुलेही आली. अर्ज वाढले, कचेऱ्या फुगल्या, आणि नुकतेच पदवीधर झालेले तरुण बॅग घेऊन शाळाशाळांतून फिरू लागले.

दाराआडची माणसे बदलली तर आत येणारे बदलतात, हे येलने अनुभवले. 1965 मध्ये इन्सली क्लार्क या तरुण अधिष्ठात्याने सूत्रे घेतली. जुने कर्मचारी बहुतेक गेले, नव्यांनी सरकारी शाळांची वाट धरली, आणि घराण्याचा वारसा सांगणाऱ्या मुलांची संख्या घटली. माजी विद्यार्थी खवळले. हार्वर्डमध्ये 1970 साली डेव्हिड एव्हन्स रुजू झाले. आर्कान्सामधल्या कृष्णवर्णीय शेतमजुरांच्या घरातले हे विद्युत अभियंते आधी चांद्रमोहिमेच्या अग्निबाणावर काम करत होते आणि फावल्या वेळात कृष्णवर्णीय मुलांना महाविद्यालयांची वाट दाखवत होते. हार्वर्डच्या प्रवेश कचेरीत त्यांनी जवळपास 50 वर्षे काढली.

अशी कारकीर्द आज अपवादच. शरदात दौरे, हिवाळ्यात अर्जांचे ढीग, वसंतात जागा भरण्याची धास्ती आणि या सगळ्याला बेताचा पगार, असे या नोकरीचे चक्र आहे. विद्यापीठांतील मनुष्यबळाचा अभ्यास करणाऱ्या ‘कुपा-एचआर’ संस्थेच्या 2023 मधील अहवालानुसार, प्रवेश समुपदेशकांपैकी बहुतेक जण त्या पदावर तीन वर्षे किंवा त्याहूनही कमी काळ होते. स्त्रिया आणि गौरेतर कर्मचारी कमी पगाराच्या खालच्या पायऱ्यांवर जास्त, वर जावे तसे कमी. अनुभव गाठीशी आला की अनेकांना खासगी सल्लागाराचा धंदा खुणावतो. श्रीमंत पालक तिथे दाम मोजायला तयार असतात.

त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्याची जुनी पद्धत रद्द ठरवली. मात्र वंशामुळे आयुष्यात काय वाट्याला आले, हे विद्यार्थ्याने निबंधात लिहिले तर ते विचारात घेण्याची मुभा ठेवली. म्हणजे निकालातली ही बारीक रेषा प्रत्येक अर्जात शोधायचे काम पुन्हा कचेरीतल्या वाचकांकडेच आले, आणि त्यांच्यातले बरेच जण या कामात नवखे आहेत.